पेटीतल्या बाळाचे डोळे

लिहायला बसण्याआधी माफी मागतो, कारण हे लिहिण्याचा मला अधिकार आहे अशी माझी खात्री नाही. मी डॉक्टर नाही. बी.एस्सी.ची शेवटची परीक्षा देऊन निकालाची वाट बघणारा वर्सोव्याच्या कोळीवाड्यातला एक मुलगा आहे. आमच्या घरात माझ्याआधी कुणी कॉलेजात गेलेलं नाही, त्यामुळे चार ओळी सरळ लिहिल्या तरी आपण जास्त शहाणपणा करतो आहोत की काय असं वाटत राहतं. ज्या मुलीविषयी लिहितो आहे ती माझ्या ताईची. ताईला लिहिता येत असतं तर तिने हे वेगळं लिहिलं असतं, कदाचित लिहिलंच नसतं. आणखी एक सांगून टाकतो. नुसतं दुःख असतं तर मी गप्प बसलो असतो. मला किळस आली आहे, आणि ती घशाशी येऊन थांबली आहे.

गेल्या आषाढात ताई सातव्याच महिन्यात बाळंत झाली. होड्या किनाऱ्यावर ओढलेल्या होत्या, मासेमारी बंद होती, त्यामुळे भावोजी घरीच होते. ताईचं सासर कोळीवाड्यातच, आमच्याच पाड्यात. अंधेरीच्या बाजारापासून जवळच, साड्यांच्या एका दुकानाच्या वरच्या मजल्यावर नर्सिंग होम होतं. आई त्याच बाजारात मासळी विकते, म्हणून तिला ते ठाऊक. मुलगी झाली. आईला हातात वजन तोलायची सवय. तिने नातीला क्षणभर दोन्ही तळव्यांवर घेतलं आणि म्हणाली, "दीड किलोच्या खालीच हाय. पापलेटासारखी. पन पापलेट मेलेलं असतं, ही जिती हाय."

नर्सिंग होमच्या डॉक्टरांनी नुकतीच एक काचेची पेटी आणली होती. कमी दिवसांच्या बाळांना ऊब देणारी. "या भागात दुसऱ्या कुणाकडे नाही," ते आम्हाला म्हणाले, आणि पुढे रोज कुणा ना कुणाला म्हणताना मी ऐकलं. पोरीला पेटीत ठेवलं. तिचा श्वास मधेच थांबायचा, मग पाठीवर टिचकी मारली की पुन्हा सुरू व्हायचा. पेटीत ऑक्सिजन सोडावा लागणार होता, आणि तिथली पद्धत अशी की ऑक्सिजनच्या टाक्या नातेवाइकांनी आणायच्या.

आमच्या पाड्याला हे काम फार आवडलं. मला दुसरा शब्द सुचत नाही. मासेमारी बंद, पोरं रिकामी, आणि इथे अंगमेहनत करून एक जीव वाचवायचा होता. साकीनाक्याच्या डेपोतून टाक्या मासळीच्या टेम्पोत घालून आणायच्या, जिन्यावरून दोघातिघांनी खांद्यावर चढवायच्या. मीही जायचो.

"चल रं कालेजवाल्या, धर खालून," भावोजींचा धाकटा भाऊ म्हणायचा. "पुस्तकं उचलून हात लोन्याचे झालेत तुजे."

"टाकी हाय ती, वही नाय," दुसरा कुणी म्हणायचा, आणि सगळे हसायचे. पोर पेटीत निपचित पडलेली असताना जिन्यात आम्ही हसायचो. ते हसणं मला तेव्हाही वाईट वाटलं नाही, आताही वाटत नाही. ती मंडळी तिच्यासाठीच घाम गाळत होती.

वर पोचलो की सिस्टर नाकाला रुमाल लावायची. "अहो, ती टाकी आधी बाहेर पुसा. काय वास मारतोय!" एकदा तिने आमच्या देखत खोलीत अत्तराचा फवारा मारला. मी टाकी बाहेर नेऊन पुसली. कॉलेजातही पहिल्या वर्षी माझ्या बाकावर कुणी बसायचं नाही, त्यामुळे मला ते नवीन नव्हतं. पण त्या फवाऱ्याचा गोड, कुजक्या फुलांसारखा वास माझ्या नाकात इतका बसला आहे, की आज नर्सिंग होम म्हटलं की मला औषधाचा नाही, तोच वास येतो.

टाकीच्या तोंडाशी काचेची एक उभी नळी होती आणि तिच्यात एक छोटी गोळी. ऑक्सिजन जास्त सोडला की गोळी वर जायची, कमी केला की खाली. हे आमच्या सगळ्यांना पहिल्या दिवशीच समजलं. ताईच्या सासूचं अर्धं आयुष्य होडीचं डिझेल, बर्फ आणि पाणी पुरवण्यात गेलेलं. समुद्रात काही कमी पडलं तर माणूस मरतो, जास्त असलं तर उलट उपयोगालाच येतं, हे तिला कुणी शिकवावं लागत नव्हतं. ती डॉक्टरांना म्हणाली, "डाक्टर, वारा फुल्ल ठेवा. आमी टाकी कमी पडू द्यायचो नाय."

डॉक्टर हसले. "आजी, फुल्लच आहे. ऑक्सिजनने कधी कुणाचं वाईट झालंय का?"

हे वाक्य मी स्वतःच्या कानांनी ऐकलेलं आहे.

तरीसुद्धा म्हातारीला चैन पडेना. गोळी जरा खाली दिसली की तिचा जीव कासावीस व्हायचा. तिथे एक आया होती. म्हातारी तिच्यासाठी पदराखालून सुक्या बोंबलांचं पुडकं आणायची, कधी जवळा. "बाय, गोली वर ठेव हां," एवढंच सांगायची. आया पुडकं नाकाशी धरून बघायची, खूश व्हायची आणि चावी फिरवून गोळी वर चढवायची. सिस्टर बघत असायची. डॉक्टर फेरीला यायचे तेव्हा गोळी वरच असायची. ती किती वर असावी, हे कुणी विचारत नव्हतं. पोरीच्या अंगात किती ऑक्सिजन आहे ते मोजण्याची काहीच सोय त्या खोलीत नव्हती. पोर गुलाबी दिसते आहे, एवढं सगळ्यांना पुरत होतं.

आणि पोर वाचली. होड्या पुन्हा समुद्रात गेल्या त्यानंतर लवकरच ती घरी आली. दूध कसं पाजायचं, अंघोळ कधी घालायची, वजन कधी करायला आणायचं, हे डॉक्टरांनी नीट समजावून सांगितलं. डोळ्यांबद्दल ते एक शब्द बोलले नाहीत. मी शेजारी उभा होतो, आणि मला घरी सांगता यावं म्हणून सगळं लक्ष देऊन ऐकत होतो.

आमच्यात बाळबाळंतिणीला सव्वा महिना आतल्या खोलीतून बाहेर काढत नाहीत. ताईच्या सासूने तो सव्वा महिना पोर घरी आल्यापासून मोजायला घेतला. "पेटीतले दिस धरायचे नाय," ती म्हणाली. "पेटी म्हनजे पोटच. आता जल्मली ती." सगळ्यांना ते बरोबरच वाटलं. तेव्हा पोर पुढचा सव्वा महिना आतल्या खोलीत राहिली, एका दिव्याच्या उजेडात, डोळ्यांत काजळ आणि गालावर तीट लावून. त्याच दिवसांत तिच्या डोळ्यांच्या आत काय चाललं होतं, ते कुणाला दिसणार होतं?

दिवाळीनंतर मला काहीतरी चुकतं आहे असं वाटू लागलं. पाळण्याला लाकडी चिमण्या टांगल्या होत्या, त्यांच्याकडे ती कधीच बघायची नाही. ताईच्या बांगड्या वाजल्या की मान वळवायची, मी गप्पपणे समोर वाकलो तर नाही. आणि एक सवय होती. ती दोन्ही मुठी डोळ्यांत घालून दाबत बसायची. रडत नसायची. शांतपणे, काहीतरी शोधल्यासारखी दाबत राहायची. सासू म्हणायची, झोप आलीय. आई म्हणायची, दात येतायत. ताई नुसते हात काढून खाली ठेवायची.

फाल्गुनात नर्सिंग होमचा वाढदिवस आला. डॉक्टरांनी जवळच्या एका शाळेचा हॉल घेऊन सुदृढ बालक स्पर्धा ठेवली, आणि भावोजींना निरोप पाठवला की पेटीतल्या बाळाला खास बक्षीस आहे, नक्की आणा. पाड्यात केवढा उत्साह! पोरीला नवा फ्रॉक आला. सासूने स्वतःची सोन्याची साखळी तिच्या गळ्यात घातली. आई त्या दिवशी बाजारात बसलीच नाही.

तो हॉल मला विसरता येत नाही. खिडक्या बंद, पंखे संथ, आणि पाऊणशे बाळं. टाल्कम पावडर, झेंडूच्या माळा, आंबलेलं दूध आणि केशरी सरबत यांचा मिळून एक वास. टेबलावर एक वजनकाटा ठेवला होता, आणि नर्सिंग होमच्या आया एकेका मुलाला कपडे काढून त्यावर ठेवत होत्या. कुणी ओकत होतं, कुणी काट्यावरच मुतत होतं, की तेच ओलं फडकं फिरवून पुढचं बाळ. माइकवरून वजन ओरडून सांगायचे आणि टाळ्या पडायच्या. आमच्या बाजारात लिलावात मासळीची बोली लागते तशी. पण लिलावात निदान कुणी खोटं हसत नाही.

शेवटी डॉक्टर स्वतः माइकपाशी आले. "आता आमची लाडकी!" ते म्हणाले. "पेटीतली परी! आमच्याकडे आली तेव्हा हिची आशा कुणीही धरली नव्हती." त्यांनी ताईच्या हातातून पोरीला घेतलं आणि ट्रॉफी उंच धरावी तसं दोन्ही हातांनी डोक्याच्या वर धरलं.

फोटोग्राफर पुढे आला. त्याआधी त्याने बऱ्याच मुलांचे फोटो काढले होते. प्रत्येक वेळी फ्लॅश पडला की मुलं डोळे मिटून घेत होती, दचकून किंचाळत होती, आणि आयाबाया हसत होत्या. "चिमणी बघ, चिमणी बघ!" म्हणत त्याने आमच्या पोरीच्या अगदी तोंडासमोर फ्लॅश उडवला. पोर जशीच्या तशी. पापणीसुद्धा हलली नाही. त्याने पुन्हा उडवला. पुन्हा तसंच. तोंड किंचित उघडं, डोळे वर कुठेतरी लागलेले.

"बघा, बघा!" डॉक्टर माइकवर म्हणाले. "किती धीट! सगळी मुलं रडली, ही घाबरतसुद्धा नाही. कोळ्याची पोर आहे, वादळाला घाबरायची नाही ही!"

हॉल टाळ्यांनी दणाणला. आमची माणसं उभी राहून टाळ्या वाजवत होती. भावोजींच्या डोळ्यांत पाणी आलं होतं. मी ताईकडे बघितलं. तिच्या हातात बक्षिसाचा स्टीलचा डबा होता आणि ती टाळ्या वाजवत नव्हती.

"ताई," मी तिच्या कानाशी म्हणालो, "तिला फ्लॅश..."

"मना म्हाईत हाय," ती म्हणाली. "ती धीट नाय. तिला दिसत नाय." आणि डब्याचं झाकण नीट बसलं आहे का ते बघू लागली.

मी डॉक्टरांना स्टेजच्या मागे गाठलं. ते केक खात होते. फार अदबीने विचारलं, कारण मला दुसरं काही येतच नाही. म्हणालो, "सर, तिचे डोळे एकदा कुणाला दाखवावेत का? फ्लॅशला तिने पापणी हलवली नाही."

"तू बी.एस्सी. करतोयस ना?"

"हो सर. प्राणिशास्त्र."

"छान. शीक. पण थोडं शिकलं की माणसाला जिकडेतिकडे रोग दिसायला लागतात, तसं होऊ देऊ नकोस." त्यांनी माझ्या खांद्यावर हात ठेवला. बोटांना केकवरचं लोणी लागलेलं होतं, ते माझ्या शर्टाला लागलं. "कमी दिवसांची मुलं सगळंच उशिरा करतात. बसतात उशिरा, बोलतात उशिरा, बघतातही उशिरा. वर्षाची होऊ दे."

घरी येऊन मी तो शर्ट तीनदा धुतला. डाग पहिल्या धुण्यातच गेला होता.

ताईने सासूला न विचारता ठरवलं. भावोजी, ताई, पोर आणि मी असे बस बदलत शहरातल्या एका मोठ्या सरकारी रुग्णालयाच्या डोळ्यांच्या विभागात गेलो. पोरीच्या डोळ्यांत पुन्हा पुन्हा औषधाचे थेंब घातले आणि आतल्या बाहुल्या मोठ्या होईपर्यंत बाकावर बसवलं. आसपास मोतिबिंदूच्या म्हाताऱ्यांची रांग. तान्हं मूल आमचं एकटंच. एक म्हातारा म्हणाला, "एवढ्याशा पोरीला चष्मा लावताय का रे?" आणि स्वतःच हसला.

डॉक्टर बाई वयाने लहान होत्या आणि फार थकलेल्या दिसत होत्या. कपाळाला पट्ट्याने दिवा बांधलेला. त्यांनी आमच्याकडे बघून विचारलं, "मामा का? मग डोकं तुम्ही धरा. आईने बाहेर थांबायचं."

पोरीला चादरीत घट्ट गुंडाळलं. मी तिचं डोकं दोन्ही हातांत धरलं. बाईंनी तारेची एक बारीक वस्तू पापण्यांत बसवली, तशी पापणी मिटायचीच बंद झाली. मग एका बोथट दांडीने डोळ्याची कड दाबून, दुसऱ्या हातात भिंग धरून त्या आत बघू लागल्या. पोर अशी ओरडत होती की मला तिच्या टाळूखालची शीर हातात उडताना लागत होती. मी कॉलेजात बेडूक कापले आहेत. झुरळं कापली आहेत. कधी मळमळलं नव्हतं. त्या दिवशी जिभेवर आंबट पाणी आलं ते मी गिळलं, कारण बाई म्हणाल्या होत्या, "घट्ट धरा. ती हलली तर तिलाच जास्त दुखेल." बाई जे करत होत्या ते आवश्यक होतं. ज्यांनी हे सहा-सात महिन्यांपूर्वी करवून घ्यायला हवं होतं ते केक खात होते.

तपासून झाल्यावर त्यांनी ताई-भावोजींना आत बोलावलं.

"किती दिवसांची जन्मली?"

"सातव्या महिन्यात," ताई म्हणाली.

"ऑक्सिजन दिला होता?"

भावोजींची छाती जरा पुढे आली. "फुल्ल, म्याडम. एक मिनिट कमी पडू दिला नाय. टाक्या आमी सोता वायल्या."

बाईंनी पेन खाली ठेवलं. मग इतक्या सावकाश बोलल्या की मला प्रत्येक शब्द पाठ आहे. "हे बघा, ऑक्सिजन लागतो. तो नसता तर ती कदाचित वाचली नसती. पण तो मोजून द्यायचा असतो. अशा मुलांच्या डोळ्याच्या पडद्यावर रक्तवाहिन्या पूर्ण वाढलेल्या नसतात. ऑक्सिजन जास्त झाला की त्यांची वाढ थांबते, आणि नंतर त्या वेड्यावाकड्या वाढतात. मग तो पडदा ओढला जातो. सुटतो. तिचा उजव्या डोळ्यातला पूर्ण सुटलेला आहे. बुबुळामागे पांढरं दिसतंय ते तेच."

ताई पोरीच्या अंगाभोवतीची चादर सोडवू लागली.

"जन्मल्यावर महिन्याभराने डोळे दाखवा, असं तुम्हाला कुणी सांगितलं नाही?"

"नाय."

"हे पुस्तकांत कधीपासूनचं आहे." हे त्या आम्हाला म्हणाल्या नाहीत, टेबलाला म्हणाल्यासारखं म्हणाल्या. "आता बाहेरच्या देशांत वेळेवर सापडलं तर डोळ्याची कड अगदी थंड करून गोठवतात. बर्फासारखं. काही मुलांचा पडदा वाचतो."

"बरफ?" भावोजी म्हणाले. "बरफ तर आमच्या होडीवर..." आणि तिथेच थांबले. त्यांना त्या क्षणी काय वाटलं असेल, ते मी विचारलेलं नाही.

"आता नाही होणार ते," बाई म्हणाल्या. "वेळ गेली. पण डाव्यात मला नीट दिसत नाही. आत थोडा पडदा चिकटलेला असला, तर त्या डोळ्याने तिला थोडंफार दिसू शकेल. त्यासाठी भूल देऊन बघावं लागेल. तारीख घ्यायला पुढच्या आठवड्यात या."

त्या दिवसापासून आमच्या घरात एकच गोष्ट उरली, पोरीचा डावा डोळा. आई बाजारात गिऱ्हाइकांना सांगायची, "एक गेला, पन एक हाय." सासूने पाळण्याची बाजू बदलली, म्हणजे दार पोरीच्या डाव्या हाताला येईल.

मधल्या काळात भावोजी आणि मी नर्सिंग होममध्ये गेलो. भांडायला नाही. डॉक्टरांना कळावं, पुढच्या पेटीतल्या बाळाला तरी वेळेवर दाखवायला सांगावं, एवढंच माझ्या मनात होतं. वाक्यं मी बसमध्ये मनातल्या मनात तयार केली होती. वर गेलो तर बाहेरच्या खोलीत, बाकांच्या बरोबर समोर, आमच्या पोरीचा मोठा फोटो फ्रेम करून लावलेला. स्पर्धेतला. फ्लॅश तिच्या डोळ्यांत पडून दोन पांढरे ठिपके उमटले होते. बाकावर एक पोटुशी बाई बसली होती. ती मला म्हणाली, "किती गोड आहे ना? बघतेय कशी!"

डॉक्टरांनी रुग्णालयाचा कागद वाचला. पूर्ण वाचला असेल असं मला वाटत नाही. मग चष्मा काढून भावोजींकडे बघितलं.

"मी तुम्हाला दोष देत नाही," ते म्हणाले. "पण आठवा जरा. फुल्ल ठेवा, फुल्ल ठेवा, असं कोण म्हणत होतं? तुमची आईच ना? आयांना बोंबील कोण देत होतं? मला काय कळत नाही? अहो, तुमच्या लोकांनी माझ्या माणसांना बिघडवलं. मी एकटा कुठे कुठे बघणार?"

त्याच तोंडाने. ज्या तोंडाने "ऑक्सिजनने कधी कुणाचं वाईट झालंय का" म्हटलं होतं, त्याच. तयार केलेली माझी सगळी वाक्यं नाहीशी झाली. मी एवढंच म्हणू शकलो, "सर, तुम्ही हसला होता. तुम्ही म्हणाला होता, फुल्लच आहे."

"तू पुन्हा शिकवायला लागलास," ते म्हणाले, आणि घंटी वाजवली. "पुढचा पेशंट."

मी भावोजींकडे बघितलं. हा माणूस वादळात होडी परत आणतो. त्यांनी मान खाली घातली होती. ज्या खांद्यावरून त्यांनी टाक्या वाहिल्या, त्या खांद्यावर दुसरा हात ठेवून ते उभे होते, तिथे काही लागलं आहे का बघावं तसे. त्यांना पटलं होतं. डॉक्टरांचं बोलणं त्यांना पटलं होतं! मला त्या खोलीत ओकारी आली असती तर बरं झालं असतं.

जिना उतरताना ते म्हणाले, "माज्या आयला काय सांगू नको. मरंल ती."

"पण तुमची चूक नाही हो, भावोजी. मोजायचं काम त्यांचं होतं."

"तू लान हायेस," ते म्हणाले. मग रस्त्यावर आल्यावर, "फोटो काढायला सांगायचा राहिला." आम्ही दोघंही परत वर गेलो नाही.

पुढे माझी परीक्षा आली. केंद्र मुलुंडला पडलं. वर्सोव्याहून रोज एवढं लांब जायचं कसं, म्हणून घरच्यांनी मला घाटकोपरला मावशीकडे पाठवलं. भूल देऊन तपासायची तारीख भावोजी घेऊन आले होते, आणि ती माझ्या शेवटच्या पेपरच्या नंतर आहे, असं मला सांगितलं होतं. तरीही दर पेपरनंतर मी कोळीवाड्यातल्या बर्फाच्या कारखान्यात फोन करायचो, कारण आसपास फोन तेवढाच. तिथला माणूस निरोप घ्यायचा.

"पोरगी कशी आहे?"

"झकास. दूध पिते. तू पेपर लिही."

"तारीख बदलली नाही ना?"

"अरे यार, तुला सांगतो ना. तू पेपर लिही."

मावशीही तेच म्हणायची. घरात माझ्याशी सगळे जपून बोलत होते, ताटात तळलेला मासा जास्त पडत होता, आणि मला वाटत होतं परीक्षा आहे म्हणून. परीक्षा होतीच म्हणा. आमच्या घराण्यातल्या पहिल्या पदवीसाठी सगळे श्वास रोखून बसले होते. पेपरांत काय लिहिलं ते आता आठवत नाही. एका पेपरात बेडकाच्या डोळ्याची आकृती काढायची होती, ती चांगली जमली. पडद्याला नाव सगळ्यात शेवटी दिलं.

शेवटचा पेपर संपल्यावर मी मावशीकडे न जाता तसाच अंधेरीला आलो. आई बाजारात तिच्या जागेवर, पाटीमागे बसली होती. कोयत्यावर सुरमई कापत होती. मला बघितलं तरी हात थांबला नाही. शेजारी बसणाऱ्या कोळणींनी आपापल्या पाट्यांत माना घातल्या. नेहमी त्या माझी चेष्टा करतात, सायेब आला, पदर सावरा म्हणतात. 

"पेपर झाले सगले?" आईने विचारलं.

"झाले."

"सगले? आता कायच नाय उरला?"

"नाही आई. संपली परीक्षा."

तिने सुरमईचं डोकं बाजूला टाकलं आणि पाण्याने हात धुतले. नुसते विसळले नाहीत, कोपरापर्यंत घासून धुतले.

"कधी दाखवलं?" मी विचारलं.

"तुज्या पैल्या पेपराच्या दिशी. तारीख तीच व्हती. तुला नाय सांगायचं असं आमी सगल्यांनी ठरवलं."

गटाराच्या बाजूने खवल्यांचं पाणी वाहत होतं आणि त्यावर माशा बसत होत्या. माझा पहिला पेपर त्या पोरीच्या डोळ्याबरोबर तोलला गेला होता आणि जड ठरला होता, त्याचीही मला किळस आली. आईची नाही. आईने आपल्याला समजलं तसं केलं.

"डाव्याचं काय?"

आईने लुगड्याला हात पुसले.

"डाव्यातला पन सुटलाय," ती म्हणाली. "चिकटलेला कायच उरला नाय. उजेड आन कालोख, तेवढं कलंल म्हनाली म्याडम. बाकी नाय."